रफ वही, फेअर जर्नल आणि गिट

सबमिशनच्या आदल्या रात्री तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपचं व्हॉट्सॲप उघडून बघा. आधी 'प्रोजेक्ट_फायनल.झिप', त्याखाली 'फायनल_२', मग 'फायनल_खरंच' आणि पहाटे तीनला कुणीतरी टाकलेली 'हीच_घ्या.झिप'. चौघांच्या लॅपटॉपवर चार वेगवेगळे प्रोजेक्ट, आणि लॉगिनचं पान नेमकं कुणाकडचं चालतं हे कुणालाच माहीत नाही.

"आमचं तसं नाही, आम्ही गिट वापरतो," असं म्हणणार असाल तर जरा थांबा. आम्हीही वापरत होतो.

फायनल इयरला आम्ही चौघांनी होस्टेलच्या मेसचे खाडे मोजणारं ॲप करायला घेतलं होतं. कोण किती वेळा जेवला नाही, महिन्याच्या बिलातून किती पैसे कापायचे, एवढाच हिशोब. गिटहबवर रेपो होता, चौघांचे लॅपटॉप त्याला जोडलेले होते आणि सगळे थेट 'मेन' ब्रँचवर पुश करायचे. व्हायवाला चार दिवस उरले असताना मी बिलाच्या पानात केलेला बदल पुश करायला गेलो. गिटनं नकार दिला. रेपोत तुझ्याकडे नसलेलं काहीतरी नवीन आहे, आधी ते ओढून घे, असं ते सांगत होतं. मी ते वाचलं नाही. लाल अक्षरं दिसली की आपण वाचत नाही, सरळ नेटवर शोधतो. तिथे एक उपाय सापडला : कमांडच्या मागे 'फोर्स' लाव. लावलं. पुश झालं. मी जेवायला गेलो.

रेपोतलं ते 'काहीतरी नवीन' म्हणजे आमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणीचं आठवड्याभराचं काम होतं. तिनं ते त्याच दुपारी पुश केलं होतं. रात्री तिनं पुल केलं तर भलतेच कॉन्फ्लिक्ट दिसायला लागले. तिनं मला फोन केला आणि मी जेवता जेवता, अगदी जाणकाराच्या थाटात, तिला 'हार्ड रिसेट' मारायला सांगितलं. तिनं मारलं. आता ते काम रेपोतूनही गेलं होतं आणि तिच्या स्क्रीनवरूनही. फोनवर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

ते काम परत कसं मिळालं ते सांगतो. पण मी त्या रात्री नेमकं काय केलं होतं, हे मला कळायला त्याहून जास्त वेळ लागला, आणि तेच तुम्हाला आधी सांगायचंय.

गिट काय जपून ठेवतं?

लिनक्स कर्नल लिहिणारी मंडळी २००२ पासून बिटकीपर नावाचं, एका कंपनीच्या मालकीचं सॉफ्टवेअर वापरायची. २००५ मध्ये त्यांचा फुकट वापर बंद झाला. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स स्वतःच लिहायला बसला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गिट उभं राहिलं. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच साठवला जाऊ लागला होता. जुलैत त्यानं सगळा कारभार जुनिओ हमानोच्या हाती दिला. (आपला रेपो चार महिने झाले तरी सेटअप होत नाही, ते सोडा.) देशोदेशी विखुरलेल्या, कधी एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी एकच कोड लिहायचा, यासाठी ते बनलं. म्हणून त्यात प्रत्येकाच्या लॅपटॉपवर अख्खा इतिहास असतो, नुसती शेवटची फाइल नाही.

हा इतिहास म्हणजे कमिट्सची साखळी. प्रत्येक कमिटला ४० अक्षरांचा ओळख क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकात फाइल्स, मेसेज, लिहिणाऱ्याचं नाव, वेळ आणि आधीच्या कमिटचा क्रमांक हे सगळं मुरलेलं असतं. त्यामुळे मधल्या एका कमिटचं एक अक्षर जरी बदललं तरी त्याचा क्रमांक बदलतो, आणि मग त्याच्यापुढच्या सगळ्यांचे बदलतात. दिसायला काम तेच, पण गिटच्या दृष्टीनं ती सगळी वेगळी कमिट्स झाली. तुमच्या मित्रानं आधीच्या साखळीच्या टोकाला आपलं काम जोडलेलं असेल तर त्याच्या पायाखालची फळीच काढून घेतल्यासारखं होतं.

तुम्ही बारावीला सायन्स घेतलं असेल तर दोन वह्या ठेवल्या असतील. प्रॅक्टिकलला एक रफ वही आणि सबमिशनसाठी फेअर जर्नल. रफ वहीत खाडाखोड, चुकलेली रीडिंग्ज, कोपऱ्यात सरांचं व्यंगचित्र. जर्नलमध्ये मात्र प्रयोग क्रमानं, आकृती स्वच्छ. आणि पानावर एकदा सरांची सही झाली की ते पान फाडायचं नाही. चूक सापडली तर पुढे नवीन पान लावून दुरुस्ती लिहायची.

तुमच्या लॅपटॉपवरची, अजून कुणाला न दिलेली ब्रँच ही रफ वही. तिथे 'ट्राय', 'परत ट्राय', 'का चालत नाहीये' अशी वीस कमिट्स करा, कुणी विचारणार नाही. उलट कराच, कारण कमिट केलेलं सहसा हरवत नाही. पण दुसऱ्यांच्या हाती द्यायच्या आधी ती नीट उतरवून काढा. इंटरॲक्टिव्ह रिबेस चालवलं की एडिटरमध्ये तुमच्या कमिट्सची यादी उघडते आणि प्रत्येकीच्या पुढे 'पिक' लिहिलेलं असतं. तिथे 'स्क्वॉश' लिहिलं की ते कमिट वरच्या कमिटमध्ये मिसळतं, 'रीवर्ड' लिहिलं की मेसेज बदलता येतो, ओळी वरखाली केल्या की क्रम बदलतो. वीस धडपडींची तीन शहाणी कमिट्स होतात. यात फसवाफसवी काही नाही, जर्नलमध्ये आपण व्यंगचित्र उतरवत नाही इतकंच.

आणि 'मेन' म्हणजे सही झालेलं जर्नल. तिथली चूक 'रिव्हर्ट'नं दुरुस्त करायची. रिव्हर्ट जुनं कमिट पुसत नाही, त्याच्या उलट बदल करणारं नवीन कमिट पुढे जोडतं. मी त्या रात्री फोर्स पुश करून सही झालेली पानं फाडली होती, तीही दुसऱ्याच्या हस्ताक्षरातली.

कधीकधी फोर्स लागतोच. स्वतःच्याच ब्रँचवर रिबेस केलंत आणि ती आधी पुश झालेली असेल, तर दुसरा मार्ग नसतो. तेव्हा नुसतं 'फोर्स' न लावता 'फोर्स विथ लीज' लावा. तुम्ही शेवटचं फेच केल्यानंतर तिकडे कुणी काही टाकलं असेल तर ते पुश अडवतं. (तुमचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल तर मात्र या अडवण्यात राम उरत नाही.) आणि 'मेन'वर फोर्स पुश होऊच नये, अशी सेटिंग गिटहबवर आहे. पब्लिक रेपोला ती फुकट मिळते. पहिल्या दिवशी लावायची गोष्ट आहे ती. आम्ही ती त्या रात्री अकरा वाजता लावली.

मग काम मिळालं कसं?

ग्रुपमधला चौथा, जो एरवी फक्त रिपोर्टचं फॉरमॅटिंग करायचा, त्यानं कुठेतरी 'रिफ्लॉग' वाचलं होतं. तुमची ब्रँच कधी, कुठून कुठे हलली याची डायरी गिट त्याच लॅपटॉपवर गुपचूप ठेवत असतं. हार्ड रिसेटनं ब्रँचचं बोट दुसरीकडे वळतं, जुनी कमिट्स लगेच जळून जात नाहीत. कुठूनही पोचता न येणाऱ्या कमिट्सच्या नोंदी साधारण ३० दिवस तशाच राहतात. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रिफ्लॉग उघडला, रिसेटच्या आधीची ओळ शोधली, त्या क्रमांकावरून नवीन ब्रँच काढली आणि आठवड्याचं काम समोर आलं. ही डायरी रेपोबरोबर कुठे जात नाही, ज्याच्या त्याच्या मशीनवरच असते. तिनं लॅपटॉप वैतागून फॉरमॅट केला असता, किंवा फोल्डर उडवून नव्यानं क्लोन केलं असतं, तर संपलं होतं.

सगळं मात्र आलं नाही. महिन्याच्या आलेखाचं पान तिनं त्या दिवशी संध्याकाळी लिहिलं होतं आणि कमिट केलेलं नव्हतं. हार्ड रिसेटनं ते पुसलं ते पुसलंच. ते तिनं दुसऱ्या दिवशी परत लिहिलं. मी शेजारी बसून चहा आणत होतो.

रविवारचा खाडा

त्यानंतर दोनच दिवसांनी, स्वच्छ इतिहास कशासाठी हवा, ते मेसच्या काकांनी शिकवलं. आम्ही त्यांना ॲप दाखवलं. काकांनी एका मुलाचं बिल बघितलं आणि म्हणाले, "रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. मग याचे रविवारचे दोन खाडे कसे?"

महिन्याभरापूर्वी हिशोब बरोबर येत होता, हे आम्हाला आठवत होतं. मधे कुणीतरी काहीतरी बिघडवलं होतं. अशा वेळी गिटमध्ये 'बायसेक्ट' आहे. बरोबर चालणारं एक जुनं कमिट आणि चुकणारं आजचं कमिट सांगायचं. गिट मधलं कमिट उघडून देतं, तुम्ही तपासून 'गुड' किंवा 'बॅड' म्हणायचं, की ते उरलेल्या अर्ध्याचा मध्य काढतं. अंदाज बांधायच्या खेळात आपण करतो तेच. १००० कमिट्स असली तरी साधारण १० फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. आमच्याकडे सत्तरेक होती, म्हणजे सहा-सात फेऱ्या. दहा मिनिटांचं काम.

आम्हाला दुपार गेली. कारण निम्म्या कमिट्सवर ॲप सुरूच होत नव्हतं. अर्धवट फाइल्स, विसरलेली सेमीकोलन्स, 'उद्या बघू' म्हणून केलेली कमिट्स. गुड म्हणायचं की बॅड? 'स्किप' म्हणत म्हणत शेवटी एका कमिटवर आलो. मेसेज होता 'चेंजेस'. आत ४३ फाइल्स. लिहिणारा मी. त्यात रंग बदलले होते, फोल्डरची नावं बदलली होती, सगळ्या फाइल्सचं इंडेंटेशन बदललं होतं आणि त्या गर्दीत कुठेतरी रविवारची एक अट उडाली होती. ती शोधायला अजून दोन तास.

कर्नलवाल्यांचा नियम असा की एका पॅचमध्ये एकच बदल, आणि प्रत्येक टप्प्यावर कोड बिल्ड होऊन चालला पाहिजे. मला तो आधी नखरा वाटायचा. त्या दुपारी त्यातलं शहाणपण कळलं. नुसतं इंडेंटेशन बदलायचंय? त्याचं वेगळं कमिट. नाव बदलायचंय? वेगळं. आणि मेसेजमध्ये 'काय' बदललं ते कोडमध्ये दिसतंच, 'का' बदललं ते लिहा. 'बिलाचं पान बदललं' यातून काहीच कळत नाही. 'सुट्टीच्या दिवशी खाडा धरू नये, कारण त्या दिवसाचे पैसे आधीच कापलेले असतात' हे सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळतं. आणि तो वाचणारा बहुतेक वेळा तुम्हीच असता.

ब्रँचबद्दल एवढंच सांगेन : लहान ठेवा. दोन दिवसांची ब्रँच मर्ज करताना चहा निवायच्या आत कॉन्फ्लिक्ट सुटतात, महिनाभर जपलेली ब्रँच मर्ज करताना मैत्री सुटते. कॉन्फ्लिक्ट आला की एकट्यानं 'माझं ठेव' दाबू नका, ज्याची ओळ आहे त्याला बोलवा. इतिहास रिबेस करून सरळ रेषेत ठेवावा की मर्ज कमिट्सकट खरा तसा ठेवावा, यावर मोठमोठी माणसं भांडतात. मी दोन्ही बाजूंनी भांडलोय. चौघांच्या कॉलेज प्रोजेक्टला गिटहबवरचं स्क्वॉश मर्जचं बटण पुरतं : आत कितीही पसारा असो, 'मेन'वर एका कामाचं एकच कमिट जातं. फक्त काम छोटं हवं, नाहीतर परत ४३ फाइल्स.

आणि हो, पासवर्ड किंवा एपीआय की चुकून पुश झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती पुसून काही होत नाही. मागच्या पानावर ती आहेच. आधी ती की रद्द करा, बाकीचं नंतर.

व्हायवाला एक्स्टर्नलनी नेहमीचा प्रश्न विचारला : यात कुणी काय केलंय? आम्ही लॉग उघडून दाखवला. आलेखाचं सगळं काम मैत्रिणीच्या नावावर होतं. त्या रात्री रिफ्लॉग उघडला नसता आणि तिचा कोड मी माझ्याकडून नव्यानं पुश केला असता, तर तेच काम माझ्या नावावर दिसलं असतं आणि ती 'डॉक्युमेंटेशन केलं' म्हणत बसली असती. दोघांनी एकाच लॅपटॉपवर बसून कोड लिहिला असेल, तर कमिट मेसेजच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' लिहून दुसऱ्याचं नाव आणि ईमेल टाकायचा. गिटहब मग ते कमिट दोघांच्याही नावावर दाखवतं.

लॉगमध्ये सगळ्यात वर तिचंच कमिट होतं. एक फाइल, तीन ओळी. मेसेज : 'रविवारी एकच खाडा धरला, संध्याकाळी मेस बंद असते'. त्यात काकांचं नाव को-ऑथर म्हणून घालायचं तिच्या फार मनात होतं, पण काकांकडे ईमेल नव्हता.