मोरीचं पाणी जातं कुठं?



कोकणात आमच्या घरी मोरीचं पाणी मागच्या दारी केळीला आणि अळवाला जायचं. आई थेंब वाया जाऊ देत नसे. पुढे इस्राएलला आले, बेर शेव्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं, आणि पाहते तर हा अख्खा देशच आमच्या आईसारखा! इथल्या सांडपाण्यापैकी जवळजवळ ९० टक्के पाणी शुद्ध करून शेतीला देतात. फरक एवढाच की इथं संडासाचं पाणीसुद्धा त्यात असतं. म्हणून काळजी जास्त घ्यावी लागते.

तेल अवीव आणि आसपासच्या सुमारे २५ लाख लोकांचं सांडपाणी रिशोन लेझियोनजवळच्या शाफदान केंद्रात येतं. तिथं काय होतं ते सांगते.

पहिली पायरी, जाळी. चिंध्या, प्लास्टिक, काड्या इथं अडकतात. मग पाण्याचा वेग कमी करतात, म्हणजे वाळू-खडे तळाशी बसतात.

दुसरी पायरी, जंतू. हो, जंतूच! मोठ्या टाक्यांत हवा सोडतात. हवेवर जगणारे जंतू पाण्यातली घाण खाऊन वाढतात. पुढच्या टाकीत पाणी स्थिर ठेवलं की ते गाळ होऊन खाली बसतात. त्यातला थोडा गाळ पुन्हा पहिल्या टाकीत सोडतात, अगदी विरजणासारखा. उरलेला गाळ पूर्वी नळातून समुद्रात सोडत. २०१७ पासून ते बंद झालं. आता तो बंद टाक्यांत कुजवून गॅस मिळवतात.

तिसरी पायरी, वाळू. पाणी वाळूच्या मोठ्या खाचरांत भरतात आणि मुरू देतात. मग खाचर कोरडं होऊ देतात, म्हणजे वाळूत पुन्हा हवा खेळते. जमिनीखाली काही महिने राहून, गाळून निघालेलं पाणी विहिरींतून उपसतात आणि नळाने आमच्या नेगेवला पाठवतात. ह्या पाण्याचे नळ जांभळे असतात. ते पिण्यासाठी नाही, हे नातवंडांना जरूर सांगा.

एवढा खटाटोप कशाला? १९७० साली जेरुसलेममध्ये कॉलरा पसरला, तो शुद्ध न केलेल्या सांडपाण्यावर वाढवलेल्या कच्च्या भाज्यांमुळे.

सांडपाणी दुसऱ्या तऱ्हेनंही आपलं रक्षण करतं. २०१३ साली दक्षिणेत, राहात आणि बेर शेव्याच्या सांडपाण्याच्या तपासणीत पोलिओचा विषाणू सापडला. आजारी मूल एकही नव्हतं! सरकारने ऑगस्टपासून मुलांना तोंडावाटे दोन थेंब द्यायला सुरुवात केली. माझी लेक म्हणाली, "आई, ह्याला तर सगळी इंजेक्शनं झालीत, मग आता थेंब कशाला?" मी म्हटलं, "बाळा, इंजेक्शनाने त्याचे पाय वाचतील. पण विषाणू त्याच्या आतड्यात राहू शकतो, शौचातून बाहेर पडतो आणि शेजारच्या तान्ह्या बाळापर्यंत पोचतो. थेंब आतड्यातच त्याला अडवतात." दुसऱ्या दिवशी ती नातवाला घेऊन गेली. त्या साथीत देशात एकाही मुलाला लकवा झाला नाही. वॉर्डात पोलिओचे पाय पाहिलेल्या माझ्यासारखीला ह्याची किंमत कळते.

आता आपलं काम. ओले वाइप्स संडासात टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. ते विरघळत नाहीत, पंपात गुंततात. तळणीचं तेल मोरीत ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात टाका. जुनी औषधं संडासात सोडू नका. जंतू ती सगळी खाऊ शकत नाहीत. कुपत होलिमच्या औषधालयात परत द्या.

आपण जे सोडतो तेच पाणी फिरून आपल्या ताटातल्या भाजीकडे येतं. आईला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण तिला ठाऊक होतं.