विश्लेषण : कॉम्प्युटर सुरूच होत नाही? सीपीयू दुकानात नेण्याआधी हे तपासा

उल्हासनगरच्या दुकानांतले बिलिंग, अंबरनाथ एमआयडीसीतील छोट्या कारखान्यांचे हिशेब, बदलापूरच्या घरांतला मुलांचा अभ्यास अशी अनेक कामे आजही डेस्कटॉपवर चालतात. पावसाळ्यात वीज जाते, परत येते आणि नंतर बटण दाबले तरी कॉम्प्युटर ढिम्म. अशा वेळी लगेच ‘मदरबोर्ड गेला’ असे समजू नये. बिघाड अनेकदा सीपीयूच्या बाहेरच असतो.

सुरुवात कुठून करायची?

वीज ज्या वाटेने येते, त्याच वाटेने तपासत जा. भिंतीवरच्या सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का ते पाहा. मग एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस वगळून सीपीयूची केबल थेट त्या सॉकेटमध्ये लावा. कॉम्प्युटर सुरू झाला, तर दोष बोर्डात किंवा यूपीएसमध्ये आहे. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. ती पूर्ण उतरली, की काही यूपीएस वीज असूनही सुरू होत नाहीत.

तरीही काही होत नसेल, तर मॉनिटरची केबल सीपीयूला लावून पाहा. बहुतेक मॉनिटरना तशीच केबल असते. सीपीयूच्या मागे, केबलजवळचे छोटे बटण चुकून बंद झालेले नाही ना, हेही बघा.

वीज परत आल्यावरच असे का होते?

सीपीयूमधला एसएमपीएस २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा तयार करतो. वीज परत येताना दाब अचानक वाढला, तर त्यातील संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते आणि कधी कधी तशीच अडकून राहते. उपाय सोपा आहे. प्लग काढा, पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा.

घरातले दिवेही मंद-प्रखर होत असतील, तर कॉम्प्युटर लावूच नका. आधी महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार करा.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी?

म्हणजे सीपीयूपर्यंत वीज पोहोचते आहे. मॉनिटरची वायर घट्ट बसवा. दमट हवेत रॅमच्या पट्टीवरील सोनेरी टोके खराब होतात. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच रॅम काढा, टोके खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि खटका बसेपर्यंत परत दाबा.

पाणी शिरले असेल तर?

२६ जुलै २००५ चा महापूर आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तो दिवस, दोन्ही वेळा उल्हास नदीकाठच्या तळमजल्यांत पाणी होते. भिजलेला सीपीयू ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करू नका. आधी मेन स्विच बंद करा. पण तिथे पोहोचायला पाण्यातून जावे लागत असेल, तर हात लावू नका. हार्ड डिस्क जाणकाराकडून काढून घ्या आणि तीही घरी जोडून पाहू नका. कॉम्प्युटर नवा घेता येतो. दुकानाची उधारी-वसुली आणि घरचे फोटो परत मिळत नाहीत.

दुकानात कधी न्यायचा?

जळका वास आला, ठिणगी उडाली किंवा प्लग लावताच एमसीबी पडू लागला, की थांबा. एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असू शकते.

काय काय तपासले, ते दुकानदाराला सांगा. मदरबोर्ड बदलण्याआधी दुसरा एसएमपीएस लावून समोर चाचणी करायला सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या. हार्ड डिस्क फॉरमॅट करू नये, हेही बजावा. सुरू न होण्याच्या दोषासाठी त्याची गरज नसते.