लूक स्कायवॉकर कोणाचा?

समुद्राच्या मध्यावर एक खडकाळ बेट आहे. त्या बेटावर, जगापासून तोंड लपवून, एक म्हातारा राहतो. एके काळी याच माणसाने एका क्रूर साम्राज्याचा पाडाव केला होता. त्याला शोधत शोधत एक अनाथ मुलगी तिथवर येते आणि त्याचीच हरवलेली जुनी तलवार हात लांब करून त्याच्यापुढे धरते. ‘द फोर्स अवेकन्स’ हा बोलपट नेमका या क्षणाला संपला. ते साल होते २०१५. प्रेक्षक घरी गेले आणि पुढची दोन वर्षे एकच प्रश्न घोळवीत बसले: आता लूक काय म्हणेल?

२०१७ च्या डिसेंबरात उत्तर मिळाले. लूकने तलवार हातात घेतली, तिच्याकडे एकवार पाहिले, आणि उष्टी पत्रावळ टाकावी तशी ती खांद्यावरून मागे भिरकावून तो चालता झाला!

त्या क्षणी काही प्रेक्षक खदखदून हसले, काहींच्या काळजात चर्र झाले. ‘द लास्ट जेडाय’ या बोलपटावरून समीक्षक आणि चाहते यांच्यात जे रण माजले, त्याचा नारळ याच फेकीने फुटला.

ज्यांच्या घरात या वेडाचा अद्याप शिरकाव झालेला नाही, त्या वाचकांसाठी थोडी मागची हकिगत सांगायला हवी. जॉर्ज लूकस या तरुण अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी प्रथम झळकला, तो अवघ्या तीसबत्तीस चित्रगृहांत. वितरक कंपनीचाच त्यावर फारसा भरवसा नव्हता. कथा म्हटली तर आजीबाईच्या बटव्यातली: वाळवंटी ग्रहावर काकाच्या शेतावर राबणारा लूक नावाचा पोरगा, कैदेतली राजकन्या, काळ्या मुखवट्याचा दुष्ट सरदार डार्थ व्हेडर, आणि प्रकाशाच्या पात्याच्या तलवारी. पण अमेरिकेतली पोरे त्या कथेने अक्षरशः झपाटली. १९८० आणि १९८३ साली पुढचे दोन भाग आले, आणि तो पोरगा एका अख्ख्या पिढीच्या घरातला माणूस झाला.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. लूकसने खेळण्यांचे आणि पुढील भागांचे हक्क स्वतःकडे राखून ठेवले होते. त्या वर्षीच्या नाताळात बाहुल्यांना अशी मागणी आली, की खेळणी करणाऱ्या केनर कंपनीच्या हाती माल तयारच नव्हता. तेव्हा कंपनीने काय विकावे? रिकामे पाकीट! आत एक प्रमाणपत्र. ते पोस्टाने पाठवायचे, म्हणजे काही महिन्यांनी चार बाहुल्या घरपोच येणार. आईबापांनी ती पाकिटेही विकत घेतली. पुढे बाहुल्या आल्या, आणि लक्षावधी घरांच्या जमिनीवर पोरांनी आपापले स्टार वॉर्स मांडले. कोणाचा लूक पलंगाखालच्या गुहेत लढला, कोणाचा गच्चीवरून उडाला. १९८३ नंतर पडद्यावरचा लूक गप्प झाला, तरी जमिनीवरचा आणि मनातला लूक चांगली चौतीस वर्षे बोलतच राहिला.

‘लास्ट जेडाय’च्या भांडणाचे मूळ मला इथे दिसते. रायन जॉन्सन हा त्याचा लेखक आणि दिग्दर्शकही. त्याने आपला लूक लिहिला. पण लक्षावधी लोक आपापला लूक आधीच लिहून बसले होते.

समीक्षकांनी बोलपट डोक्यावर घेतला. ‘रॉटन टोमॅटोज’ नावाचे एक संकेतस्थळ वृत्तपत्रांतली परीक्षणे गोळा करते. (नाव मोठे मार्मिक आहे, नाटक पडले की प्रेक्षक जे नासके टोमॅटो रंगमंचावर फेकीत, तेच हे.) तिथे समीक्षकांचा आकडा निघाला शेकडा ९१. त्याच पानावर सामान्य प्रेक्षकांचा आकडा मात्र पन्नासच्याही खाली घसरला. एवढी तफावत पाहून वर्तमानपत्रांना मेजवानीच मिळाली. एक बाजू म्हणे, समीक्षक विकले गेले आहेत. दुसरी म्हणे, चाहते बाळबोध आहेत.

पण या आकड्यांपाशी क्षणभर थांबले पाहिजे, कारण पुष्कळांचा इथेच घोटाळा होतो. शेकडा ९१ याचा अर्थ बोलपटाला शंभरापैकी ९१ गुण मिळाले असा नव्हे. शंभरांतल्या ९१ समीक्षकांचे मत एकंदरीत अनुकूल पडले, एवढाच. कोणी ‘बरा आहे’ म्हटले काय आणि कोणी ‘अजोड आहे’ म्हटले काय, दोघांचे मत एकाच पारड्यात पडते. आणि प्रेक्षकांचा आकडा? त्या काळी तिथे तिकीट काढल्याचा पुरावा कोणी मागत नसे. ज्याच्या मनात येईल त्याने यावे आणि मत नोंदवून जावे. रागावलेला माणूस अशा वेळी दहा जणांना हाका मारून आणतो, संतुष्ट माणूस जेवून झोपी जातो.

याउलट ‘सिनेमास्कोर’ नावाची संस्था पहिल्या दिवशी चित्रगृहाच्या दारात उभी राहते आणि बाहेर पडणाऱ्यांच्या हाती छोटे कार्ड देते. तिथे ‘लास्ट जेडाय’ला ‘ए’ श्रेणी मिळाली. आता पहिल्या दिवशी धावणारे लोक मुळातच हौशी, तेव्हा हाही आकडा वेदवाक्य नव्हे. तथापि प्रेक्षकांनी बोलपट एकमुखाने धिक्कारला, हे काही खरे नाही. त्याने जगभरात सुमारे १३३ कोटी डॉलर मिळवले. आणि त्याच वेळी, हा भाग अधिकृत कथेतून वगळून पुन्हा काढा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर लाखाहून अधिक सह्याही जमल्या!

माझा एक भाचा संगणकाच्या धंद्यात आहे. सहीवाल्यांपैकी तो नाही, पण त्यांच्या गोटातला खचित. मी समीक्षकांची बाजू मांडू लागलो तेव्हा तो म्हणाला, “मामा, तुम्ही सिनेमा पाहिलात. मी लूकला पाहायला गेलो होतो.” आणि मग त्याने जो मुद्दा मांडला, तो मला अजून खोडता आलेला नाही. डार्थ व्हेडर हा लूकचा बाप. १९८० च्या भागात हे उघड झाले तेव्हा केवढा धक्का बसला होता! व्हेडरला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स यांनाही तो संवाद वाचून प्रथम वाटले, की हा गृहस्थ थाप मारतो आहे. त्या बापात तिळाएवढा चांगुलपणा उरला आहे असे दुसरे कोणी मानीत नव्हते. एकट्या लूकने मानले, तलवार टाकून दिली आणि बापाला परत आणले. तो लूक आपल्या बहिणीच्या झोपलेल्या पोरावर, पुढे तो वाईट निघेल या नुसत्या भयाने, तलवार उगारील? नव्या बोलपटात तो उगारतो. क्षणभरच, आणि लगेच ओशाळतो. पण पोराला जाग येते आणि सारा अनर्थ ओढवतो.

खुद्द लूकची भूमिका करणारे मार्क हॅमिल यांचेही जॉन्सनशी याच मुद्द्यावर पटले नव्हते. त्यांनी तसे दिग्दर्शकाला सांगितले, पुढे जाहीरपणेही बोलून दाखवले, आणि तरीही भूमिका अशी केली की समीक्षकांच्या मते ती त्यांची सर्वोत्तम ठरली. नटाच्या धंद्यातली ही शिस्त मोठी लोभस आहे.

समीक्षकांना जे भावले ते नेमके हेच: थोर माणूस चुकला, चुकून खचला, आणि म्हातारपणी पुन्हा उभा राहिला. शेवटी लूक त्या बेटावरून न हलता, केवळ मनःशक्तीने आपली प्रतिमा दूरच्या ग्रहावर उभी करतो, शत्रूच्या अख्ख्या फौजेला खिळवून ठेवतो, आपली माणसे वाचवतो, आणि त्या श्रमाने मावळत्या दोन सूर्यांकडे पाहत नाहीसा होतो. १९७७ साली तो पोरगा पडद्यावर असाच दोन सूर्यांकडे पाहत उभा होता. मला स्वतःला हा शेवट फार आवडला. तलवारीने एकही माणूस न मारता जिंकलेली ही लढाई आहे.

मग भाच्याचे चुकले कुठे? मला वाटते, त्याचे चुकलेले नाही. थोर वीराचा ऱ्हास आपल्याला नवा थोडाच आहे? श्रीकृष्ण गेल्यावर द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला आभीर लुटारू वाटेत लुटतात. गांडीवाला दोरी चढवता चढवता त्याची दमछाक होते, अस्त्रे आठवत नाहीत, बाण संपतात. पण व्यासांनी हे मौसलपर्वात, म्हणजे सोळाव्या पर्वात आणले. तोवर अर्जुनाचे सारे आयुष्य आपण त्याच्याबरोबर काढलेले असते. लूकची मधली तीस वर्षे मात्र पडद्याआड गेली. त्याचा गुरुकुलाचा खटाटोप, त्याचे भय, त्याचा अहंकार, सारे आपल्याला दोनचार मिनिटांच्या आठवणीत कळते. उंचावरून पडलेला माणूस आपल्याला थेट जमिनीवरच दिसला, पडताना दिसलाच नाही. समीक्षकाला ही पोकळी फारशी जाणवत नाही, कारण त्याला अडीच तासांचा हिशेब द्यायचा असतो. चाहत्याचा हिशेब चौतीस वर्षांचा.

एवढ्यावर भांडण राहिले असते तर ते घराघरांत चहाच्या कपाबरोबर मिटले असते. पण त्याला फार ओंगळ वळण लागले. या बोलपटात केली मेरी ट्रॅन या नटीने रोझ नावाच्या साध्या, धडपड्या कारागीर मुलीचे काम केले होते. तिचे आईबाप व्हिएतनामहून परागंदा होऊन अमेरिकेत आलेले. तिच्या वंशावरून, तिच्या रूपावरून इंटरनेटवर अशी गलिच्छ शेरेबाजी झाली, की २०१८ च्या जूनमध्ये तिने इन्स्टाग्रामवरचा आपला सारा मजकूर पुसून टाकला. दोन महिन्यांनी तिने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून, आपण खचून कोपऱ्यात बसणार नाही, असे ठणकावले. कथेत रोझने काय करावे हे तिने ठरवले नव्हते. लिहिणारा निराळा, शिव्या खाणारी निराळी!

त्याच वर्षी मॉर्टन बे या संशोधकाने जॉन्सनला ट्विटरवरून आलेले साडेनऊशेहून अधिक संदेश तपासले. तर साधारण पाचवा हिस्साच विरोधी निघाला, आणि त्या विरोधकांतही निम्म्याहून किंचित अधिक राजकीय हेतूचे, नुसती खोडी काढणारे, किंवा चक्क यंत्राने चालवलेली खाती असावीत असे त्याला आढळले. म्हणजे उरलेले निम्मे माझ्या भाच्यासारखे प्रामाणिक नाराज. त्यांचे दुर्दैव असे, की गोंगाटात त्यांनाही गुंडांच्याच रांगेत उभे करण्यात आले.

डिस्ने कंपनीने २०१२ साली लूकसची संस्था सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून विकत घेतली होती. एवढे भांडवल गुंतवणाऱ्याला असला कलह कसा परवडावा? नऊ भागांच्या मुख्य मालिकेतला शेवटचा, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’, २०१९ च्या डिसेंबरात आला. दिग्दर्शक होते जे. जे. एब्रम्स, म्हणजे तलवार पुढे धरण्याचा तो क्षण रचणारेच. या भागात कोणीतरी तलवार आगीत फेकते आणि लूकचे भूत पुढे होऊन ती झेलते. वर शस्त्राचा मान राखावा असे सुनावते. जॉन्सनने त्या अनाथ मुलीला कोणाचीच नसलेली, कचरा विकणाऱ्या आईबापांची पोर ठरवले होते; इथे ती खलनायक सम्राटाची नात निघाली. रोझची तर अडीच तासांत जेमतेम मिनिटभर भेट होते. ज्यांनी तिला छळले, त्यांना याहून गोड बातमी कोणती?

निकाल पाहा. समीक्षकांचा आकडा पन्नाशीच्या आसपास, प्रेक्षकांचा ८६. म्हणजे तागडी बरोबर उलटी. दरम्यान त्या संकेतस्थळाने खरोखर तिकीट काढलेल्यांची मते वेगळी मोजण्यास सुरुवात केली होती, त्यामुळे दोन वर्षांतले दोन आकडे शेजारी ठेवणेही धड न्यायाचे नाही. पण चित्रगृहाच्या दारातल्या कार्डांवर ‘बी प्लस’ आले. मालिकेतल्या नटांच्या कोणत्याही बोलपटाला तोवर इतकी खालची श्रेणी मिळाली नव्हती. मिळकतही १०७ कोटी डॉलरच्या आसपास थांबली. गिऱ्हाइकाने ताटातले जे जे बाजूला सारले ते ते वगळून दुसरे ताट वाढले, आणि तरीही तो अर्धपोटीच उठला.

या मालिकेचा जुना इतिहास पाहिला म्हणजे मौज वाटते. १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आज सर्वांत सरस मानतात; पण त्या वेळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्हिन्सेंट कॅनबी यांना तो काही रुचला नव्हता. १९९९ साली खुद्द लूकसने ‘द फँटम मेनस’ काढला, त्यातल्या जार जार बिंक्स या लांबकान्या, वेंधळ्या पात्रावर जुने चाहते तुटून पडले. ते पात्र साकारणाऱ्या अहमद बेस्ट याच्या मनात त्या दिवसांत जीव देण्याचे विचार आले होते, हे त्याने १९ वर्षांनी सांगितले. २०२३ साली हाच बेस्ट ‘द मँडलोरियन’ या मालिकेत दोन तलवारी चालवीत, एका इवल्या जिवाला वाचवणारा जेडाय वीर म्हणून अवतरला, आणि प्रेक्षकांनी आनंदाने टाळ्या पिटल्या. त्यांतले पुष्कळसे १९९९ साली आठदहा वर्षांचे होते. जार जारला पाहून ते पोट धरून हसले होते, आणि त्यांना त्या वेळी कोणी मत विचारले नव्हते.

‘लास्ट जेडाय’ पाहायला बापाचे बोट धरून गेलेली पोरे आता कॉलेजात जाऊ लागली आहेत. भाच्याचा मुलगा त्यांतलाच. लूक म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे तो बेटावरचा चिडका, दाढी वाढलेला म्हातारा उभा राहतो, आणि वाळवंटातल्या त्या गोऱ्यागोमट्या पोराला तो ‘तरुणपणीचा लूक’ म्हणतो. यावरून घरात बापलेकांची जुंपते, तेव्हा सूनबाई दूरदर्शनसंच बंद करून पाने घ्यायला सांगतात.