चुंबकाने तलफ उतरते का?

डोक्यावर बाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूच्या ठरावीक भागातल्या पेशी चेतवण्याच्या पद्धतीला ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, थोडक्यात टीएमएस, म्हणतात. त्यासाठी कवटी उघडावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही, आणि शॉक ट्रीटमेंटमध्ये मुद्दाम आणतात तशी आकडीही आणत नाहीत. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर ही पद्धत आता रुळली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला २००८ मध्ये मान्यता दिली. कोकेन, मेथॅम्फेटामाइन, एमडी अशा उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर तिचा उपयोग होईल का, याचा शोध मात्र अजून चालू आहे.

तिच्यामागचे तत्त्व जुने आहे. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड इथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्यावर धरून त्यातून विजेचा जोरदार स्पंद सोडला, आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. त्यामुळे एमआरआय यंत्राच्या तोडीचे, दीड-दोन टेस्लाचे क्षेत्र सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ निर्माण झाले, तरी आतल्या पेशींत क्षीण वीज खेळते आणि त्या जाग्या होतात. स्पंद सेकंदाला पाच, दहा, पंधरा अशा वेगाने दिले तर तो भाग साधारणपणे अधिक सक्रिय होतो; सेकंदाला एक या वेगाने दिले तर मंदावतो. नेहमीच्या वेटोळ्याचा परिणाम पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोचतो. ही मर्यादा पुढे महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्तीच्या कामाची घडण गर्दशी झुंजताना झाली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तरुण पोरे पोखरली जात होती. त्या काळात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केले. गर्द अफूच्या कुळातली. ती सोडताना अंग मोडून येते, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात. पण हा त्रास औषधांनी आवरता येतो, आणि ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखी पर्यायी औषधे पुढेही देता येतात. उत्तेजकांच्या बाबतीत अशी सोय नाही. कोकेन किंवा मेथच्या व्यसनावर खास मान्यता मिळालेले एकही औषध आज जगात उपलब्ध नाही. टीएमएसकडे डोळे लागले आहेत ते या पोकळीमुळे.

महाराष्ट्रात उत्तेजकांच्या गटातला एक घातक पदार्थ म्हणजे एमडी, अर्थात मेफेड्रोन. ‘म्याऊ म्याऊ’ या नावानेही तो विकला जातो. तो पूर्णपणे रसायनांतून बनतो. त्याला ना शेत लागते ना हंगाम. अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो २०१५ च्या फेब्रुवारीत आला, तोवर त्याच्या विक्रेत्यांवर या कायद्याने कारवाई करता येत नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत धागा पकडत साडेतीन हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे मेफेड्रोन पकडले, तेव्हा हे संकट बंदरांवरून येणाऱ्या मालापुरते उरले नसल्याचे उघड झाले.

ही सगळी उत्तेजक रसायने मेंदूतल्या डोपामीनवर घाला घालतात. एखादी गोष्ट हवीशी वाटायला लावणारे हे द्रव्य. पेशींनी सोडलेले डोपामीन परत शोषले जाते. कोकेन ते शोषण रोखते, तर मेथ आणि मेफेड्रोन पेशींतला साठाच बाहेर ढकलतात. नशा उतरली की माणूस दिवसच्या दिवस झोपतो, उदास होतो, चिडतो. शरीराचा त्रास गर्दच्या मानाने कमी दिसतो आणि घरचे म्हणतात, सुटला बरं का. खरा धोका त्यानंतरचा आहे. जुना मित्र, ठरलेला नाका, हातात आलेला पगार, यांपैकी काहीही पुरते आणि तलफ उसळते. अशा वेळी ‘थांब’ म्हणण्याचे काम कपाळामागच्या अग्रमेंदूचे. दीर्घ व्यसनात नेमका तोच भाग मंदावलेला दिसतो. व्यसनी माणसाला निर्लज्ज किंवा इच्छाशक्ती नसलेला ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

अमेरिकेतल्या अंतोनेल्लो बोन्ची आणि बिली चेन यांच्या गटाने २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पायाला विजेचा चटका बसत असूनही कोकेनसाठी कळ दाबत राहणाऱ्या उंदरांच्या अग्रमेंदूतल्या पेशी थंडावल्या होत्या. प्रकाशाच्या साहाय्याने त्या पेशी चेतवल्यावर उंदरांचा हट्ट ओसरला. माणसाच्या डोक्यात असा प्रकाश सोडता येत नाही, पण अग्रमेंदूचा बाजूचा पृष्ठभाग, म्हणजे डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, चुंबकाच्या टप्प्यात येतो. डोपामीनची खोल केंद्रे त्या टप्प्याबाहेर राहतात, तरी या पृष्ठभागाशी त्यांचे धागे जोडलेले आहेत. विहिरीत न उतरता काठावरच्या रहाटाने पाणी हलवावे, तसा हा प्रकार.

इटलीतल्या पादुआ इथे ३२ कोकेनग्रस्तांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. टीएमएस घेतलेल्यांपैकी ६९ टक्के लोक पहिल्या टप्प्यात कोकेनपासून दूर राहिले; लक्षणांपुरती औषधे मिळालेल्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण कोणाला कोणता उपचार मिळतो आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. यंत्राचा टकटक आवाज, डोक्याला जाणवणारा ठोका, रोज आस्थेने चौकशी करणारे डॉक्टर, आपल्यावर काहीतरी नवे केले जात असल्याची भावना, या सगळ्यांचाही परिणाम होतो. तो वेगळा काढायचा तर एका गटाला खोटे वेटोळे लावावे लागते, ज्यातून आवाज येतो पण स्पंद आत जात नाही. इटलीतच अशी चाचणी झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात खऱ्या आणि खोट्या, दोन्ही गटांचे कोकेन कमी झाले. दोहोंत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. पहिल्या निकालाची जाहिरात करणाऱ्याने दुसरा निकाल लपवला, तर ती रुग्णाची फसवणूकच होय.

चीनमध्ये, विशेषतः शांघायच्या संशोधकांनी, मेथच्या रुग्णांवर बरेच काम केले आहे. मेथशी निगडित दृश्ये दाखवल्यावर उठणारी तलफ टीएमएसनंतर कमी झाल्याचे त्यांना आढळले. यातले पुष्कळ रुग्ण बंदिस्त केंद्रांत होते, जिथे पदार्थ हाती लागणेच अवघड. तलफ कमी होणे आणि बाहेर पडल्यावर पदार्थ न घेणे, यांत बरेच अंतर आहे. त्या मानाने तंबाखूबाबतचा पुरावा भक्कम. खोलवर पोचणाऱ्या खास वेटोळ्याने २६२ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत खऱ्या उपचाराच्या गटातल्या सुमारे १९ टक्के लोकांची सिगारेट सुटली, खोट्या गटात सुमारे ९ टक्के. २०२० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भारतात रांचीच्या केंद्रीय मनोरुग्ण संस्थेने २०१० मध्ये दारूच्या ४५ रुग्णांवर दहा सत्रांचा प्रयोग केला आणि तलफ घटल्याचे नोंदवले. एमडीच्या वाट्याला मात्र अशी मोठी चाचणी आलेली नाही. कोकेनवरचे निष्कर्ष एमडीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

प्रत्यक्ष उपचार साधा असतो. रुग्णाला खुर्चीत बसवून कानांत बोळे घालतात, कारण प्रत्येक स्पंदाबरोबर मोठा टक् आवाज होतो. हाताच्या स्नायूंचे नियंत्रण करणाऱ्या भागावर वेटोळे धरून अंगठा किती जोराच्या स्पंदाने हलतो ते पाहतात, आणि त्यावरून मात्रा ठरवून वेटोळे पुढे कपाळाच्या बाजूला सरकवतात. सत्र काही मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत चालते. डोके दुखणे, टाळूला टोचल्यासारखे वाटणे, एवढाच त्रास बहुतेकांना होतो. आकडी येणे विरळा. पण उत्तेजकांच्या ताज्या सेवनाने, दारू एकदम सोडल्याने किंवा जागरणाने तो धोका वाढतो, म्हणून शेवटचे सेवन कधी झाले हे लपवता कामा नये. डोक्यात धातूचा तुकडा, क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार करत नाहीत. पेसमेकर असलेल्यांनी तो हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

सत्रे आठवड्यातून पाच दिवस, दोन ते सहा आठवडे चालतात. मावळातल्या वडिवळ्याच्या एखाद्या तरुणाने हा उपचार पुण्यात घ्यायचा म्हटले, तर रोज कामशेतला यायचे, लोकल पकडायची, अर्ध्या तासाच्या सत्रासाठी दिवस घालवायचा आणि रोजगार बुडवायचा. ज्याची तलफ जागी आहे त्याला दररोज शहरातल्या गर्दीतून एकटे पाठवणे हीच मोठी जोखीम. घरचे कोणी सोबत असेल तरच हे शक्य होते. निवासी केंद्रात ही अडचण उरत नाही. मुक्तांगणचा निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा आहे. तेवढ्या मुदतीत दहा-वीस सत्रे सहज बसतात. शिवाय समुपदेशन, गटचर्चा, कुटुंबीयांशी बोलणे आणि नंतरचा पाठपुरावा हा उपचाराचा गाभा अशा ठिकाणी आधीच चालू असतो. उत्तेजकांच्या व्यसनावर आजवर सर्वांत खात्रीचे ठरलेले उपाय याच जातीचे आहेत: वागणूक बदलायला शिकवणारे समुपदेशन, आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली की लहानसे बक्षीस देण्याची पद्धत. टीएमएसने काही आठवडे तलफ उतरली, तर त्या अवधीत या गोष्टी माणसाच्या अंगवळणी पडू शकतात. आजच्या पुराव्यावर एवढीच अपेक्षा रास्त आहे. म्हणून ‘दहा सत्रांत व्यसनमुक्ती’ असे सांगून मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला खोट्या वेटोळ्याच्या चाचण्यांविषयी आणि सत्रे संपल्यानंतरच्या पाठपुराव्याविषयी आधी विचारावे. उपचार कुठे मिळतील याची माहिती केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर मिळते.

एमडीचा एवढा मोठा विळखा असलेल्या राज्यानेच एमडीवरची चाचणी हाती घेणे सयुक्तिक ठरेल. तिच्यात खोट्या वेटोळ्याचा गट हवा, रुग्णाच्या शब्दाबरोबर लघवीची तपासणीही हवी, आणि घरी गेल्यानंतर निदान सहा महिने माग ठेवायला हवा. यंत्रे आणि मनोविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत; रुग्ण आणि त्यांचा विश्वास व्यसनमुक्ती केंद्रांकडे आहे. ही दोन्ही टोके अजून एकत्र यायची आहेत.