समुद्री कयाकचा गाइड : परवाना नेमका कशाचा?

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला आधीच विचारलं, की कयाक म्हणजे एका-दोघांची अरुंद होडी. तिला गाइड कशाला, आणि त्या गाइडला एवढे कागद कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊ. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर भागात हायडा ग्वाय हा द्वीपसमूह आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला ग्वाय हानास हे राष्ट्रीय उद्यान. तिथे रस्ता नाही. जायचं तर बोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने. पर्यटक आठ-आठ दिवस कयाकने बेटाबेटांमधून फिरतात, रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकतात. मोबाइल लागत नाही. मदत मागायची तर व्हीएचएफ रेडिओ किंवा उपग्रह फोन, आणि ती यायला किती वेळ लागेल हे हवामान ठरवतं.

पण आधी एक घटना सांगू. देश वेगळा आहे, मुद्दा मात्र हाच. 22 मार्च 1993 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. लाइम रीजिसहून चारमाउथ, म्हणजे जेमतेम तीन किलोमीटर. शिक्षकांची होडी पुन्हापुन्हा उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, दुसरी मुलांबरोबर राहिली, आणि वाऱ्याने दोन्ही गट एकमेकांपासून तुटले. मुलांच्या होड्यांत लाटांचं पाणी भरत गेलं. प्रशिक्षकांकडे मदतीचा इशारा देणारे फ्लेअर नव्हते, रेडिओ नव्हता. मदत पोचेपर्यंत संध्याकाळ होत आली होती. चार मुलं गेली. दोन्ही प्रशिक्षकांकडे अगदी प्राथमिक प्रमाणपत्र होतं. त्याच केंद्रातून आधी नोकरी सोडून गेलेल्यांनी सुरक्षेबद्दल लेखी सावध केलं होतं, हेही पुढे उघड झालं. 1994 मध्ये कंपनी आणि तिचा संचालक दोघेही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले, आणि 1995 मध्ये ब्रिटनने अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला.

यात लक्षात काय घ्यायचं? त्या दिवशी वल्हवता येत होतं की नाही, हा प्रश्नच नव्हता. निघायचं की नाही, गट फुटला तर काय, आणि किनाऱ्यावर कुणाला किती वाजता काळजी वाटायला हवी, या तीन गोष्टींची उत्तरं कुणी आधी तयार ठेवलेली नव्हती.

आता थंड पाण्याकडे. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात डुंबलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी लोकांना लक्षात राहावा म्हणून एक हिशेब सांगितला आहे: एक, दहा, एक. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वासावर ताबा राहत नाही. तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच संपलं. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. त्यानंतर बोटांना दोरी धरवत नाही, चेन ओढवत नाही. आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे उलटलेल्या माणसाला परत होडीत बसवायला गाइडकडे तास नाही, दहा मिनिटं आहेत. कॅनडाच्या लहान नौकांच्या नियमांत 15 अंश सेल्सिअस ही रेघ आहे. पाणी त्याहून थंड असेल तर गारठ्यापासून बचावाचं साहित्य सोबत हवं किंवा ठरवलेली कार्यपद्धती तरी हवी. निघण्यापूर्वी सुरक्षेची माहिती सर्वांना तोंडी सांगणं हेही गटनेत्याचं कर्तव्य आहे.

म्हणून ब्रिटिश कोलंबियातल्या सी कयाक गाइडांच्या संघटनेची प्रमाणपत्रं पायऱ्यापायऱ्यांची आहेत. दिवसभराची सहल नेणारा वेगळा, मुक्कामी सहलीचा मदतनीस वेगळा, मुक्कामी सहलीचा प्रमुख वेगळा. आडोशाच्या पाण्यात गट नेऊ शकणारा माणूस खुल्या किनाऱ्यावर नेऊ शकेलच असं नाही. दुसऱ्याची उलटलेली होडी आपल्या होडीवर आडवी ओढून रिकामी करणं, दमलेल्याला दोरीने ओढत नेणं, दुर्गम जागी प्रथमोपचार, भरती-ओहोटीचं कोष्टक, नकाशा, रेडिओ हे सगळं त्यात येतं. पण आमच्या मते सगळ्यात अवघड भाग यापैकी कुठलाच नाही. वारा वाढलाय, पाहुण्यांचं परतीचं विमान उद्याचं आहे, पैसे भरून आलेली माणसं तोंड वेंगाडून बसली आहेत, आणि गाइडने म्हणायचं, "आज तंबूतच बसू." हे कागदावर शिकवता येत नाही. मालकाने त्या निर्णयासाठी गाइडला बोलणी लावली, तर प्रमाणपत्राची किंमत शून्य.

इथवरच्या गोष्टी कुठल्याही थंड समुद्राला लागू आहेत. ग्वाय हानासचं वेगळेपण पुढे आहे. 1985 मध्ये लायल बेटावरची जंगलतोड अडवण्यासाठी हायडा लोक रस्त्यात उभे राहिले. 72 जणांना अटक झाली. त्या लढ्यातूनच पुढे हे उद्यान उभं राहिलं. 1993 च्या करारानुसार हायडा राष्ट्र आणि कॅनडा सरकार यांचे समसमान सदस्य मिळून त्याचा कारभार पाहतात. त्यामुळे तिथे धंदा करायचा परवाना हा निव्वळ सरकारी शिक्का नाही. पाण्याची परीक्षा पास झालात. आता दुसऱ्याच्या घरी कसं वागता, ते बघितलं जातं.

म्हणजे काय? प्रवेशाआधी प्रत्येकाला माहितीसत्र घ्यावं लागतं. गट बाराचा, त्याहून मोठा नाही. अस्वलं आहेत, म्हणून खाणं बंदोबस्तात ठेवायचं. बर्नाबी नॅरोजसारख्या चिंचोळ्या जागेत ओहोटीला तळ उघडा पडतो आणि तो तारामासे, शिंपल्यांनी खचाखच भरलेला असतो. तिथे पाय टाकायचा नाही. म्हणजे भरतीची वेळ साधून होडीतूनच पार व्हायचं. इथे कोष्टक वाचता येणं हा सुरक्षेचा भाग आहे, तसाच शिष्टाचाराचाही.

आणि मग जुनी गावं. स्गांग ग्वाय हे गाव 1981 पासून जागतिक वारसा यादीत आहे. एकोणिसाव्या शतकात देवीच्या साथीने इथली वस्ती उद्ध्वस्त झाली. उरले ते कोरीव खांब, त्यांतले बरेचसे मृतांचे. हायडा परंपरेप्रमाणे ते हळूहळू मातीला मिळतात, आणि तसेच मिळू दिले जातात. उन्हाळाभर तिथे हायडा राखणदार राहतात. गाइडने किनाऱ्याला लागण्याआधी रेडिओवरून त्यांना विचारायचं. एका वेळी बारा माणसांपेक्षा जास्त वर सोडत नाहीत. आधीचा गट वर असेल, तर आपला गट पाण्यावरच वल्ही आडवी ठेवून थांबतो. बोलावणं आलं की उतरायचं, आणि दोन्ही कडांना पांढरे शिंपले मांडलेल्या पायवाटेनेच चालायचं.