चित्राचा तास कशासाठी?

परीक्षा जवळ आल्या, की शाळेच्या वेळापत्रकात पहिला बळी जातो तो चित्रकलेच्या तासाचा. गणिताचा राहिलेला भाग त्या तासाला उरकला जातो आणि त्याची कोणास फारशी खंतही वाटत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचे असावे अशी शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इतर विषयांच्या अध्यापनाशीही कलेची सांगड घालावी असे सांगितले. तथापि चित्र काढताना मुलाच्या मनाचे काय होते, हे शिक्षकास उमगल्यावाचून अशा शिफारशी कागदावरच राहावयाच्या. म्हणून फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या शिक्षिकेच्या कार्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१८९८ साली व्हिएन्ना येथे जन्मलेल्या या बाईंनी वायमारच्या बाउहाउस या प्रख्यात कलाशाळेत योहान्नेस इट्टेन यांच्यापाशी शिक्षण घेतले. त्या ज्यू होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांची रवानगी प्रागच्या उत्तरेस तेरेझिन येथील बंदिवासात केली. तेथे पुष्कळ मुले आईबापांपासून वेगळी राहत. अन्न अपुरे असे, आणि पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीच्या यादीत आपले नाव केव्हा लागेल याचा नेम नसे. रीतसर शाळा चालविण्यास बंदी होती; चित्रे काढण्यास मात्र हरकत नव्हती. एवढ्याशा सवलतीवर बाईंनी आपला वर्ग उभा केला.

प्रारंभी त्या लयीचा सराव घेत. आवाजाच्या चढउतारांबरोबर मुलांचे हात कागदावर फिरत आणि आखडलेली बोटे मोकळी होत. वापरलेल्या कागदांचे कपटे चिकटवूनही चित्रे होत. कोणी मागे राहिलेले घर काढी, कोणी फुले, तर कोणी तेथल्याच एकावर एक रचलेल्या खाटा. मुलाच्या चित्रावर मोठ्यांची पद्धत लादू नये, तसेच प्रत्येकास चित्रकार करणे हा वर्गाचा हेतू नव्हे, असे त्यांचे मत होते. चित्रावर मुलाने आपले नाव लिहावे, असा मात्र त्यांचा आग्रह असे. जेथे माणसास क्रमांक दिला गेला होता, तेथे या नावाचे मोल केवढे असेल!

ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑश्विट्झ येथे नेऊन ठार मारण्यात आले. त्यांनी दोन पेट्यांत भरून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे मात्र वाचली. ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. चित्राने संकट टळत नाही. परंतु कोणता रंग घ्यावा, रेघ कोठे न्यावी, हे ठरविण्याचा अधिकार त्या तासापुरता मुलाकडे परत येतो. भेदरलेल्या मनास आधार मिळतो तो यातूनच. बाईंच्या शिष्या ईडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत कलोपचाराच्या प्रवर्तकांपैकी एक ठरल्या, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

आमच्या वर्गांवर तसे संकट नाही, हे भाग्यच. तरीही घरच्या दुःखाने मिटलेले, किंवा घरची मराठी आणि भोवतालची भाषा यांमध्ये अडखळून गप्प राहणारे मूल कोणत्या वर्गात नसते? महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शिक्षकास तर ते रोज भेटते. अशा वर्गात कविता वाचून झाल्यावर दहा मिनिटे ‘तुम्हांला काय दिसले ते काढा’ एवढेच सांगावे. मग चित्रास नाव देण्यास सांगावे आणि त्यानंतर एखादे वाक्य लिहवून घ्यावे. चित्र आधी आले, की शब्दाचे भय ओसरते.

पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. अशा चित्रास गुण देऊ नयेत. मुलाच्या संमतीवाचून ते भिंतीवर लावू नये. काळा रंग दिसला म्हणून मनोविकाराचे निदान करू नये. ‘हे काय काढलेस?’ असे दरडावण्यापेक्षा ‘याविषयी सांगशील का?’ असे विचारावे, आणि मूल न बोलल्यास तेही मान्य करावे. काळजी वाटलीच तर पालकांशी आणि जाणत्या तज्ज्ञाशी बोलावे.

परीक्षेच्या तोंडावर चित्रकलेचा तास कोणी मागावयास आले, तर तो नाकारण्यास मुख्याध्यापकाजवळ एवढे कारण पुरेसे आहे.