भिलाईची मैत्रीबाग : पोलादनगरीच्या बालपणाचा ठेवा

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी नागपूर व गोंदिया ओलांडून छत्तीसगडमध्ये शिरते. दुर्ग स्थानक मागे पडले की काही वेळातच उंच धुराडी दिसू लागतात. भारतीय रेल्वेला रूळ पुरविणारा भिलाई पोलाद प्रकल्प तो हाच. मात्र या शहरात वाढून पुढे देशभर विखुरलेल्या पिढीच्या मनात भट्ट्यांच्या प्रकाशाबरोबरच आणखी एक स्थान घर करून आहे. ते म्हणजे मैत्रीबाग.

प्राणिसंग्रहालय, उद्यान, तलाव, लहान मुलांची आगगाडी आणि संगीत कारंजे असे सारे एकाच आवारात सामावलेल्या या बागेची स्थापना १९७२ मध्ये झाली. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीचे प्रतीक म्हणून तिला हे नाव देण्यात आले. सोव्हिएत संघ १९९१ च्या अखेरीस विसर्जित झाला. बागेचे नाव मात्र तेच राहिले.

करार झाला तेव्हा राजधानी नागपूर

भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. वर्षाला दहा लाख टन पोलादाचे उत्पादन, हे आरंभीचे उद्दिष्ट होते. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले.

नागपूरशी असलेला हा संबंध त्याहूनही जुना आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता प्रस्थापित झाली होती. त्यामुळे रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागांत मराठी कुटुंबे पूर्वीपासूनच होती. कारखान्याने त्यांत नव्यांची भर घातली. तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी, बिहारी अशा सर्व प्रांतांतील लोक नोकरीनिमित्त येथे आले.

पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. सोव्हिएत तंत्रज्ञ भारतीय अभियंत्यांसमवेत काम करीत होते आणि त्यांची कुटुंबेही भिलाईत राहत होती. ऑगस्ट १९७१ मध्ये दोन्ही देशांनी शांतता, मैत्री व सहकार्याचा करार केला. त्यानंतरच्याच वर्षी मैत्रीबाग अस्तित्वात आली.

घर सुटते, बाग राहते

भिलाई हे आखून वसविलेले शहर आहे. वस्त्यांना सेक्टर म्हणतात आणि त्यांना क्रमांक आहेत. येथील मुलाला पत्ता विचारला, तर तो सेक्टर, रस्ता आणि क्वार्टर यांचे आकडे सांगत असे. देऊळ, वाडा, नदीचा घाट अशा ज्या खुणांवर जुन्या गावाची ओळख उभी असते, त्या या नव्या नगरात नव्हत्या.

त्यातच क्वार्टर कारखान्याच्या मालकीचे. वडील निवृत्त झाले की ते रिकामे करावे लागे. पुढे काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. तरीही असंख्य कुटुंबांच्या बाबतीत, ज्या घरात मुले लहानाची मोठी झाली, ते घर दुसऱ्या कुटुंबाकडे गेले. अंगणात लावलेला आंबाही त्याबरोबर परका झाला.

मैत्रीबागेविषयीच्या जिव्हाळ्याचे मूळ येथे सापडते. घर सुटले, शेजार विखुरला, तरी बागेत केव्हाही जाता येत असे. रविवारी डबा घेऊन जाणे, शाळेची सहल, पिंजऱ्यासमोर वाघाच्या डरकाळीची वाट पाहणे, झुकझुक गाडीत खिडकीजवळच्या जागेसाठी भावंडांत होणारे भांडण, तलावातील नौकाविहार आणि अंधार पडल्यावर सुरांच्या तालावर रंग बदलणारे कारंजे, हा अनुभव अधिकाऱ्याच्या मुलाचा आणि कामगाराच्या मुलाचा बहुतांशी सारखाच होता. कोणाच्या घरी मराठी बोलली जाई, कोणाच्या घरी तेलुगू. बागेतील आठवण मात्र सर्वांची एक.

हिवाळ्यात येथे भरणारे पुष्पप्रदर्शन हा आणखी एक वार्षिक सोहळा. भट्टीवर पाळी करणारी माणसे आपल्या अंगणातील फुले व भाजीपाला निगुतीने वाढवीत आणि प्रदर्शनाच्या दिवशी सारे शहर बागेकडे लोटत असे.

पांढऱ्या वाघांचे माहेर

मैत्रीबागेची ख्याती छत्तीसगडबाहेर पोहोचविली ती पांढऱ्या वाघांनी. १९५१ मध्ये रीवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनी 'मोहन' नावाचा पांढरा बछडा पकडून गोविंदगडच्या राजवाड्यात ठेवला. प्राणिसंग्रहालयांतील अनेक पांढऱ्या वाघांचे मूळ त्याच्यापर्यंत जाते. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात मात्र १९८० मध्ये सामान्य रंगाच्या जोडीला पांढरे बछडे झाले. नंदनकाननमधील पांढरे वाघ १९९० च्या दशकात भिलाईला आले आणि येथे त्यांचा वंश वाढला.

भिलाईत जन्मलेले वाघ पुढे देशातील अन्य प्राणिसंग्रहालयांना देण्यात आले. विंध्य प्रदेशातील मुकुंदपूर येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र सफारीतही भिलाईचे पांढरे वाघ पोहोचले. मोहन ज्या भूमीत सापडला, तिच्या परिसरात पांढरे वाघ अशा रीतीने परतले.

पांढरा वाघ ही स्वतंत्र प्रजाती नाही. रंगद्रव्याशी संबंधित एका जनुकातील बदलामुळे वाघाच्या अंगावरील पिवळा-नारिंगी रंग नाहीसा होतो, असे २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवून दिले. हा गुण अप्रभावी असल्याने आई व वडील या दोघांकडून तो मिळाल्याशिवाय बछडा पांढरा जन्मत नाही. पांढरे बछडे मिळविण्यासाठी जवळच्या नात्यातील वाघांची जोडी लावली गेल्यास त्यांच्यात दृष्टिदोष व अन्य व्यंगे उद्भवतात. म्हणूनच वन्यजीव अभ्यासक या प्रजननाकडे संवर्धन म्हणून पाहत नाहीत. मुलांच्या डोळ्यांतील नवल आणि प्राण्याचे हित यांचा मेळ घालण्याचे उत्तरदायित्व प्राणिसंग्रहालयावर येते ते येथे.

पाळणा थांबतो, पिंजरा थांबत नाही

बालपणीची क्रीडास्थळे कायम टिकतातच असे नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८४ मध्ये सुरू झालेले 'अप्पू घर' २००८ मध्ये बंद झाले. मुंबईतील गोराई येथे १९८९ मध्ये उघडलेल्या 'एस्सेल वर्ल्ड'चे दरवाजे २०२२ मध्ये पर्यटकांसाठी बंद झाले, तेव्हा मुंबईकरांच्या एका पिढीने हळहळ व्यक्त केली. ही मनोरंजन उद्याने मुख्यतः तिकिटांच्या उत्पन्नावर चालत. पाळणे थांबविले, यंत्रे उतरविली, की असा व्यवसाय संपतो.

मैत्रीबागेची गोष्ट वेगळी आहे. ती नफ्यासाठी उभारण्यात आली नव्हती. शाळा, रुग्णालय, मैदाने यांप्रमाणेच नगरवासीयांसाठीची ती एक सोय होती आणि तिचा भार पोलाद प्रकल्पाने उचलला. प्राण्यांना रोजचे अन्न, पशुवैद्यक व राखणदार लागतात. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे देशभरातील प्राणिसंग्रहालयांची दारे बंद झाली, तेव्हाही आतील कर्मचाऱ्यांना सुट्टी नव्हती.

सार्वजनिक क्षेत्रातील उद्योगाने केवळ पोलाद तयार करावे की नगरही चालवावे, हा प्रश्न उदारीकरणानंतर सर्वच औद्योगिक वसाहतींपुढे उभा राहिला. पोलादाची किंमत बाजारात ठरते. शंभराहून अधिक एकरांवरील हिरवळीची आणि तेथे येणाऱ्या कुटुंबांच्या आनंदाची किंमत कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही. कारखान्यातील कायम नोकऱ्या पूर्वीच्या तुलनेत बऱ्याच घटल्या आहेत. ज्यांच्या मुलांसाठी ही बाग फुलविण्यात आली, ती मुले आता पुणे, बंगळूर किंवा परदेशात आहेत. आज फाटकापाशी रांग लावणाऱ्यांत आसपासच्या गावांतील कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. त्यांचा कारखान्याशी संबंध असेलच असे नाही.

बागेचा वारसा पुढे चालविण्याचा खरा आधार हाच ठरू शकतो. दोन देशांच्या मैत्रीच्या नावाने सुरू झालेली ही बाग निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या अनोळखी माणसांना एकत्र आणणारी ठरली. सुट्टीत भिलाईला येणारा जुना विद्यार्थी आपल्या मुलांना क्वार्टर दाखवितो ते रस्त्यावरूनच, कारण आत आता दुसरे कुटुंब राहते. मैत्रीबागेत मात्र तिकीट काढून तो मुलांसह आत जाऊ शकतो.